हाजीसाहेबांची पाटी

आमच्या ऑफिसात शिरलं की डाव्या भिंतीवर पितळी पाट्या दिसतात. प्रत्येक सभासदाच्या दुकानाची एक. त्या पुसणं हे माझं काम नाही, पण पुसणाऱ्याच्या मागे लागण्यापेक्षा आपणच फडकं मारलेलं बरं, म्हणून मी पुसते. मी या व्यापारी मंडळाची सेक्रेटरी. आखातातल्या देऱ्यात, खाडीपासून दोन गल्ल्या आत, एका गोदामाच्या डोक्यावर आमचं ऑफिस आहे. खाली वेलची, काजू, बदाम, सुकी लिंबं आणि हिंग. वर मी, एक कुरकुरणारा एसी आणि मंडळाचा शिक्का. संध्याकाळी अल नहदाच्या घरी पोचले की माझ्या ओढणीच्या वासावरून नवरा ओळखतो, आज खाली कुठला माल उतरला ते.

मंडळ म्हणजे काय, हे मला नोकरी लागल्यावर वर्षभर नीट कळलं नव्हतं. कागदावर ती एक साधी कंपनी आहे. प्रत्यक्षात इराणी, अफगाण, कच्छी, मलबारी, येमेनी असे सुक्या मेव्याचे आणि मसाल्याचे व्यापारी एकत्र येऊन माल आणतात. एकट्याला कुणी विचारत नाही, एकत्र आले की बोटवाला भाडं कमी करतो आणि गोदामवाला नमतो. त्यांचे नियम कुठे छापलेले नाहीत. जेवणाच्या ताटावर भावाची गोष्ट काढायची नाही. एका सभासदाने हात घातलेल्या मालावर दुसऱ्याने बोली लावायची नाही. भांडण झालं तर बाहेर जाण्याआधी मंडळात आणायचं. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे, ज्याची पाटी उतरली तो कुणाचा नाही. त्याच्याशी खरेदी नाही, विक्री नाही, त्याचा माल आपल्या मालाबरोबर चढवायचा नाही. जो त्याला हात देईल त्याचीही पाटी उतरेल.

माझी लेक इथेच वाढली, इथेच युनिव्हर्सिटीत शिकते. एकदा ती पुस्तकातून डोकं वर काढून म्हणाली, "आई, दिस इज लिटरली यू." उत्तर युरोपात काही शतकांपूर्वी व्यापाऱ्यांचा एक संघ होता म्हणे. परक्या शहरांतून त्यांच्या वखारी असायच्या, स्वतःचे नियम, स्वतःचे मुखिया, आणि नियम मोडणाऱ्याला संघाबाहेर काढलं की त्याला पाणी विचारायचं नाही. प्रत्येक वखारीत एक सेक्रेटरी असे. पत्रं लिहायची, ठराव वाचून दाखवायचे, गावच्या अधिकाऱ्यांकडे जाऊन गोड बोलायचं. मी विचारलं, "आणि त्याचं कुणी ऐकायचं का?" ती म्हणाली, "ही वॉज नॉट अ मर्चंट, सो नो." म्हटलं, बरोबर आहे, मग मीच ती.

कारण आमच्याकडेही सेक्रेटरीला मत नसतं. लिहायचं, वाचायचं, गप्प बसायचं. मला गप्प बसणं जमत नाही हा भाग वेगळा. पहिल्या वर्षी मी सभेत एकदा "पण हे चूक आहे" असं म्हणाले, तेव्हा सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू भिंतीवरचं घड्याळ बोललं.

आमचे अध्यक्ष इथलेच, एमिराती. सगळे त्यांना अर्बाब म्हणतात, म्हणजे मालक. त्यांच्या वडिलांची गलबतं मुंबईला जात असत, त्यामुळे ते आपल्यासारखंच हिंदी बोलतात, फक्त क्रियापदं मनाला येतील तशी. रोज तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर ते ऑफिसात येतात, सह्या करतात, आणि जो कुणी हजर असेल त्याला गहवा मिळतो. गहवा म्हणजे इकडची कॉफी, वेलची घातलेली, बिनसाखरेची. आमच्याकडे बरीच वर्षं एक सुदानी गृहस्थ तो ओततात. डाव्या हातात लांब चोचीची किटली, उजव्या हातात बिनकानाचे छोटे कप, ज्यांना फिंजान म्हणतात. पुरे झालं की फिंजान मनगटातून हलवून परत द्यायचा. न हलवता दिलात तर ते ओततच राहतात. मी पहिल्या दिवशी सहा प्याले, कारण नको कसं म्हणायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मंडळाचे ठरावही गहव्यावरच पक्के होतात. हात वर करायचे नाहीत, चिठ्ठ्या टाकायच्या नाहीत. मी उभी राहून ठराव वाचते, मग गहवा फिरतो. ज्याने प्यायला त्याचा होकार. विरोध असेल त्याने कप घ्यायचाच नाही. शेवटचा कप मला मिळतो, पण तो मोजत नाहीत.

हाजीसाहेब हे मंडळातले सगळ्यात जुने. इराणच्या किनाऱ्यावरून तरुणपणी आले आणि सुक्या लिंबांचा धंदा करत इथेच म्हातारे झाले. ही लिंबं काळी, दगडासारखी, त्यांना इथे लुमी म्हणतात. मी नवी असताना त्यांनी एक पिशवीभर आणून दिली होती आणि म्हणाले होते, "बहेन, दाल में डालो." मी मनात म्हटलं, आमटीत हे कसलं काळं बोंड टाकायचं. पण आमसुलं संपली त्या दिवशी टाकून पाहिलं, आणि आता आमच्याकडे आमटी लुमीचीच होते. सासूबाईंना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांनी आमसुलं कधी पाठवू एवढंच विचारलं.

हाजीसाहेबांच्या दुकानाला लागून एका काजूवाल्याचं दुकान होतं. त्याची पाटी आधीच उतरली होती. मंडळाचे आतले भाव त्याने बाहेरच्यांना सांगितले, हे सिद्ध झालं होतं, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. पण त्यानंतर त्याला अर्धांगवायू झाला. दुकान बंद पडलं, काजूची पोती दमट हवेत खराब व्हायला लागली. हाजीसाहेबांनी ती पोती उचलून आपल्या गोदामात ठेवली आणि आपल्या गल्ल्यावरून विकली. विकून आलेले पैसे त्याच्या बायकोला नेऊन दिले. लपवलंही नाही. एका तरुण सभासदाने ती पोती पाहिली, खूण ओळखली आणि मंडळाकडे तक्रार केली. तो मुलगा काही दुष्ट नव्हता. "मॅडम, रूल सबके लिए है ना? नहीं तो मंडल किसलिए?" असं त्याने मला विचारलं.

अर्बाबांनी हाजीसाहेबांना बोलावून विचारलं. ते म्हणाले, "हाँ, रखा. पड़ोसी है." बस. सफाई नाही, माफी नाही. अर्बाब माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, लिखो." पाटी उतरवण्याचा ठराव लिहायचा होता.

मी तो लिहिला, कारण तेच माझं काम. पण त्या आठवड्यात मी काय काय उद्योग केले ते सांगते. मी सभासदांना एकेक करून फोन लावले, पत्रांच्या निमित्ताने. कच्छी शेठ म्हणाले, "बेन, मन तो मेरा भी नहीं मानता, पर पहले कोई और बोले." मलबारी म्हणाले, अफगाण बोलले तर आपण पाठिंबा देऊ. अफगाण म्हणाले, येमेनी मोठे आहेत, त्यांनी बोलावं. येमेनी म्हणाले, "इन्शाल्ला," म्हणजे नाहीच. सगळ्यांना वाईट वाटत होतं आणि सगळे तोंडात मूग धरून बसले होते. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणी तयार नव्हतं. मला इतका संताप आला की त्या दिवशी मी शिक्का उलटा मारला.

घरी नवऱ्यापुढे बडबड केली. तो शांतपणे म्हणाला, "तुझा व्हिसा त्यांच्या कंपनीवर आहे. तू नोकर आहेस, पंच नाहीस." लेक म्हणाली, "आई, यू आर नॉट इव्हन अ मेंबर." दोघंही खरं बोलत होती, आणि खरं बोलणाऱ्या माणसांचा अशा वेळी फार राग येतो.

सभेच्या आदल्या दिवशी हाजीसाहेब ऑफिसात आले. मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत, भिंतीपाशी जाऊन आपल्या पाटीसमोर उभे राहिले. पाट्या स्क्रूने बसवलेल्या असतात, आणि उतरवायचं कामही सेक्रेटरीचंच. ते म्हणाले, "बहेन, स्क्रू पुराना है. आहिस्ता खोलना, पाटी मुड़ जाएगी. बाद में मुझे दे देना." पाटी गेल्यावर त्यांच्याबरोबर कुणी माल चढवणार नव्हतं, आमचा क्लिअरिंग एजंट त्यांचे कागद घेणार नव्हता. त्या वयात ते एकट्याने काय करणार होते? दुकान बंद करणार, दुसरं काय. आणि हा माणूस मला पाटी वाकवू नको म्हणून सांगत होता. मी "हो" म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

सभा नेमकी हरतालिकेच्या दिवशी आली. माझा हा उपवास कडक असतो, पाणीसुद्धा नाही. नवरा दरवर्षी म्हणतो, "तू पाणी न प्यायल्याने मी जगतो हे माझ्या डॉक्टरला सांग, दोन गोळ्या तरी कमी करेल." मी म्हणते, तू गप्प बस, हे तुझ्यामाझ्यातलं नाही, माझ्या आणि माझ्या आईमधलं आहे. आईने शेवटपर्यंत केला, आजारी असतानाही केला, म्हणून मी करते. ऑफिसातल्या सुदानी गृहस्थांना ते माहीत होतं. दरवर्षी त्या दिवशी ते किटली घेऊन माझ्यापुढून नुसते हसून पुढे जात.

पण ते सुट्टीवर गावी गेले होते. गहवा ओतायला एक दिवसाचा बदली माणूस आला होता, पांढराशुभ्र झगा घातलेला, लग्नात असतात तसा. बाहेर अशी दमट हवा, की कारलिफ्टच्या शेअर गाडीतून उतरून जिना चढेपर्यंत माझा चष्मा दोनदा धुरकटला. घसा कोरडा पडला होता. दुसऱ्या दिवशी घरी गणपती यायचे, मोदकांचा नारळ खवायचा राहिला होता. डोक्यात हे सगळं, आणि हातात तो कागद.

सगळे आले. भिंतीला लागून कोच आहेत, त्यांवर ओळीने बसले. हाजीसाहेब नेहमीच्या जागी, अर्बाबांच्या उजव्या हाताला. मी उभी राहून वाचलं. मग गहवा फिरला. कच्छी शेठनी प्यायला. मलबाऱ्यांनी, अफगाणांनी, येमेन्यांनी प्यायला. प्रत्येकाने खाली बघत प्यायला. बदली माणूस हाजीसाहेबांपाशी गेला. त्यांनी कप घेतला, शांतपणे प्यायला, मनगटातून हलवून परत दिला. स्वतःची पाटी उतरवायला स्वतःच होकार दिला. मंडळाचा नियम आहे, आणि ते मंडळाचे होते.

शेवटी बदली माणूस माझ्याकडे आला. माझ्या एका हातात कागद होता, दुसऱ्या हातात त्याने कप दिलाच. नको म्हणायचं सुचलं नाही, वाद घालायची ती वेळही नव्हती. मी कप घेतला आणि समोरच्या तिपाईवर तसाच ठेवला.

सगळे माझ्या कपाकडे बघायला लागले. अर्बाब सरळ बसले आणि म्हणाले, "गहवा पियो."

मी म्हटलं, "नहीं अर्बाब."

"बोलो. क्या चाहिए?"

मला वाटलं ते रागावले. शेजारी बसलेले येमेनी माझ्याकडे किंचित झुकून पुटपुटले, "मॅडम, कप भरा हुआ नीचे रखा, मतलब आपको कुछ माँगना है. जब तक वो नहीं देंगे, आप नहीं पिएँगे. अब उनको पूछना पड़ता है." इतकी वर्षं तिथे काढून मला फक्त कप हलवायचं ठाऊक होतं. कप न पिता ठेवणं हे मागणं असतं, आणि यजमानाला ते ऐकूनच घ्यावं लागतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवणार तरी कोण? सेक्रेटरी कधी काही मागते का?

आता सांगून टाकायचं, "अर्बाब, मेरा रोजा है." एवढं एक वाक्य. रमजान पाळणारी माणसं ती, क्षणात समजली असती, कुणीतरी हसलं असतं, कप उचलला गेला असता. ते वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, खरंच आलं होतं. नवऱ्याचं बोलणं आठवलं, व्हिसा आठवला. मग समोर हाजीसाहेब दिसले. ते माझ्याकडे बघत नव्हते. मांडीवर हात ठेवून भिंतीकडे बघत होते.

मी म्हटलं, "हाजीसाहब की पाटी रहने दीजिए."

तक्रार करणारा तरुण काहीतरी बोलायला उठला, कच्छी शेठनी त्याच्या दंडाला धरून त्याला खाली बसवलं. अर्बाब म्हणाले, "दिया." आणि बोटाने कपाकडे दाखवलं. "खलास. अब पियो."

मिळालं की प्यायचं, नाही तर दिलेलं पुरं होत नाही. एवढं तर मलाही कळलं. मी कप उचलला. आईची आठवण झाली, आणि मनात म्हटलं, आई, तुला जे बोलायचं ते नंतर बोल. कडवट, कोमट, वेलचीचा घोट. दिवसभर कोरड्या पडलेल्या घशातून तो उतरला आणि डोळ्यांत पाणी आलं. मी कप हलवून परत दिला.

मग सगळे एकदम बोलायला लागले. सगळ्यांना आपण आधीपासून हेच म्हणत होतो असं वाटत होतं. मलबाऱ्यांनी तर मला सांगितलं की ते बोलणारच होते. उचलली जीभ लावली टाळ्याला. हाजीसाहेब उठले, माझ्यापाशी आले, छातीवर हात ठेवला आणि जिन्याकडे गेले. त्यांना उतरताना कठड्याचा आधार लागत होता.

सगळे गेल्यावर मी ठरावाचा कागद फाडला आणि पर्स उचलली. अर्बाब दाराशी चपला घालत होते. मला म्हणाले, "मॅडम, माफ करना. आज आपका फास्ट था."

मी विचारलं, "आपको मालूम था?"

"हर साल गणपति से एक दिन पहले आप गहवा नहीं लेता. सुदानी आपको छोड़ के जाता, मैं देखता."

"फिर भी पूछा? मैं बोल देती कि फास्ट है, तो?"

"तो मैं साइन करता," ते म्हणाले. "हाजी और मैं बच्चा था तब से साथ है. पर मैं कैसे माँगता? इस घर में मैं देने वाला है. मैं सब का कप देखा, एक एक का. मैं बोला, कोई तो रखेगा."

एवढं बोलून ते भिंतीचा आधार घेत सावकाश जिना उतरायला लागले.